जिथे मोटार थांबते, तिथे वाट सुरू होते

ऑगस्ट महिन्यातील रात्र. दोन वाजून गेले आहेत. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातील कारे या लहानशा गावात सारे गाव झोपलेले असताना एका इमारतीत मात्र लख्ख उजेड आहे. बाहेर शेकडो सायकली टेकवून ठेवलेल्या. आत कुणी गरम सूप पितो आहे, कुणी टेबलावर डोके टेकून पेंगतो आहे, तर कुणी हातातल्या कार्डावर शिक्का मारून घेऊन पुन्हा काळोखात निघतो आहे. त्या गर्दीत कानावर मराठीही पडते. पुणे, मुंबई, नाशिक अशी नावे जर्सीच्या पाठीवर दिसतात.

दर चार वर्षांनी भरणाऱ्या ‘पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस’ या सायकलफेरीचे हे दृश्य. १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेली ही फेरी आज शर्यत राहिलेली नाही. पण सुमारे १२०० किलोमीटर अंतर ९० तासांच्या आत कापायचे असते. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सायकल मंडळांत २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ज्या ‘बीआरएम’ फेऱ्या होतात, त्यांची नियमावली पॅरिसच्या याच आयोजक क्लबाची. त्या पार केल्या की या फेरीचे दार उघडते. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वेळी भारतातून शेकडो सायकलपटू तिथे गेले होते.

त्यांच्या घरची माणसे मात्र त्या रात्री कुठे असतात? बहुतेक जण हजारो किलोमीटर दूर, मोबाइलच्या पडद्यावर नवऱ्याचा, आईचा किंवा मुलाचा क्रमांक कोणत्या गावाला पोहोचला ते पाहत जागी. जी थोडी माणसे सोबत गेलेली असतात, ती गाडीत बसून पुढच्या मुक्कामाची वाट पाहत असतात. सायकल एकाची आणि काळजी साऱ्या घराची, असा हा प्रकार.

गंमत अशी, की कारे गावापासून काही किलोमीटरवरच एक अशी वाट आहे, जिथे तास मोजावे लागत नाहीत आणि मागून येणाऱ्या मोटारीचा धसकाही नसतो. आठ वर्षांची नात आणि साठीचे आजोबा तिथे शेजारी शेजारी सायकल चालवू शकतात. जुन्या कालव्याच्या काठची ही वाट आहे. अशा वाटा आज फ्रान्सच्या ग्रामीण भागात ठिकठिकाणी पसरल्या आहेत.

मुरमाचा रस्ता, रुंद टायर

फ्रान्स आणि सायकल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ‘तूर द फ्रान्स’ उभी राहते. गुळगुळीत डांबरी घाट, बारीक टायर आणि वाऱ्याच्या वेगाने जाणारे पिवळी जर्सी घातलेले वीर. पण गेल्या काही वर्षांत तिथे एक वेगळीच सायकल लोकप्रिय झाली आहे. तिला म्हणतात ‘ग्रॅव्हल बाइक’, म्हणजे खडीवरची सायकल. दिसायला ती शर्यतीच्या सायकलीसारखीच. तसाच खाली वळलेला हँडल. टायर मात्र चांगले रुंद, बहुधा ३५ ते ५० मिलिमीटरचे. ब्रेक डिस्कचे आणि चढासाठी हलके गिअर. डांबरावर ती अडत नाही आणि रोलर फिरवून दाबलेल्या मुरमावर, शेताच्या बांधावरून जाणाऱ्या गाडीवाटेवर किंवा जंगलातल्या रस्त्यावरही ती निभावून नेते.

अशा सायकलीला शोभतील अशा वाटा फ्रान्समध्ये फार पूर्वीपासून आहेत. प्रत्येक गावाच्या मालकीच्या ग्रामीण पायवाटा आहेत, वनखात्याचे रस्ते आहेत, कालव्यांच्या काठच्या वाटा आहेत आणि बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या पट्ट्या आहेत. १९९१ च्या एका कायद्याने मोटारगाड्यांना ठरलेल्या रस्त्यांबाहेर रानात, माळावर शिरायला मनाई केली. पुढे २००४ मध्ये वाहतूक नियमावलीत ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे ‘हिरवी वाट’, हा प्रकारच कायद्याने नोंदवला गेला. पायी चालणारे, घोडेस्वार आणि विनामोटार वाहने यांच्यासाठीच राखून ठेवलेला रस्ता, अशी त्याची व्याख्या. म्हणजे मोटारीला तिथे जागा कमी ठेवलेली नाही, मुळी ठेवलेलीच नाही.

कैद्यांनी खणलेला कालवा

कारेजवळचा तो कालवा म्हणजे नाँत ते ब्रेस्त कालवा. लांबी सुमारे ३६० किलोमीटर. त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज आरमाराने फ्रान्सच्या किनाऱ्याची नाकेबंदी केली होती. ब्रेस्त हे फ्रेंच आरमाराचे मोठे बंदर. तिथे समुद्रमार्गाने रसद पोहोचवणे कठीण झाले, तेव्हा नेपोलियनच्या राजवटीत देशाच्या आतून, नद्या एकमेकींना जोडून कालवा काढायचे ठरले. १८११ मध्ये काम सुरू झाले. नेपोलियन गेला, युद्ध संपले, पैसा आटला, काम रेंगाळले. कालवा पुरता होऊन त्यातून बोटी जाऊ लागल्या त्या १८४२ मध्ये. ज्या शत्रूसाठी तो खणला, तो शत्रू तोवर शत्रू उरला नव्हता.

वाटेत ग्लोमेल गावाजवळ एक टेकाड आडवे येते. कालव्याची सर्वांत उंच जागा तीच, समुद्रसपाटीपासून १८४ मीटर. तिथे तीन किलोमीटरहून लांब चर खणावा लागला. काही ठिकाणी त्याची खोली वीस मीटरहून अधिक आहे. यंत्रे नव्हती. कुदळ, फावडे आणि ढकलगाडी एवढीच साधने. हे काम १८२३ ते १८३२ या काळात ब्रेस्तच्या तुरुंगातील कैद्यांकडून करवून घेण्यात आले. चिखल, थंडी, आजार आणि पहारेकऱ्यांचा धाक यांत कित्येकांचे आयुष्य संपले. आज तिथे दोन्ही बाजूंनी झाडांनी कमान धरली आहे, पाणी हिरवेगार आणि निश्चल आहे. तिथून जाणारा सायकलस्वार सावलीला सुखावतो. ही सावली कुणाच्या घामावर उभी आहे हे सांगणारे फलक तिथे आहेत आणि मुलांना घेऊन जाणारे पालक तिथे थांबून ते वाचून दाखवतात.

कालव्यावर पाणी अडवून बोटी पायरी-पायरीने वर किंवा खाली नेण्यासाठी जलपाश, म्हणजेच ‘लॉक’, बांधले गेले. या एका कालव्यावर असे २३० हून अधिक जलपाश होते. प्रत्येकाशेजारी राखणदाराचे एक दगडी घर. घरात त्याचे कुटुंब, मागे परसबाग, चार कोंबड्या. राखणदार कामाला गेला की दरवाजे फिरवायला बायकोच पुढे व्हायची. स्लेटचे दगड, चुना, लाकूड, धान्य असा माल घेऊन बोटी यायच्या. त्या दोराने ओढायला काठावरून घोडे चालायचे, कधी कधी माणसेही. त्यांच्या पायांखाली जी वाट तयार झाली, तीच आजची सायकलवाट. घोड्याला चढ सोसत नाही, म्हणून ती सपाट. दोर अडकू नये, म्हणून पाण्याच्या बाजूने मोकळी.

मग रेल्वे आली आणि कालव्याचे महत्त्व ओसरू लागले. १९२३ ते १९३० दरम्यान गेर्लेदाँ येथे विजेसाठी धरण बांधले गेले आणि कालव्याचे दोन तुकडेच झाले. सतरा जलपाश आणि राखणदारांची घरे पाण्याखाली गेली. दुरुस्तीसाठी २०१५ मध्ये ते धरण पूर्ण रिकामे केले, तेव्हा तळाशी ती जुनी घरे, तो जुना कालवा पुन्हा उघडा पडला. ते पाहायला लाखो माणसे लोटली. आपल्याकडे धरणाचे पाणी आटले की बुडालेल्या गावाच्या देवळाचा कळस दिसतो आणि म्हातारी माणसे डोळ्यांना पदर लावतात, तसेच काहीसे.

काठावरचा एक दिवस

आज या कालव्याच्या मोठ्या भागावर मालवाहू बोटी नाहीत, पण वाट जिवंत आहे. रेदाँ, मालत्रुआ, जोसलँ, पाँतिव्ही अशी जुनी गावे या वाटेवर मण्यांसारखी ओवलेली आहेत. जोसलँला रोहाँ घराण्याच्या किल्ल्याचे तीन गोल बुरूज थेट पाण्यातून वर आल्यासारखे उभे आहेत. गेर्लेदाँजवळ ११८४ मध्ये स्थापन झालेला बाँ-रपो हा मठ आहे. बाँ-रपो म्हणजे ‘छान विसावा’. तळ्यापाशी कालव्याची वाट पाण्याखाली गेल्यामुळे सायकलवाट तेवढ्यापुरता एका जुन्या रेल्वेमार्गाचा आधार घेते.

एखादे कुटुंब या वाटेवर दिवस कसा घालवते? सकाळी बेकरीतून गरम पाव घ्यायचा आणि निघायचे. टायरखाली मुरूम करकरतो. कालव्यात बगळा एका पायावर उभा असतो. दर एक-दोन किलोमीटरवर एखादा जलपाश आणि त्याचे घर. कुठे ते घर कुलूपबंद, कुठे त्यात कॉफीचे दुकान, कुठे पांथस्थांसाठी दोन खोल्या. ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या वेगाने, थांबत थांबत गेले तरी संध्याकाळपर्यंत तीस-चाळीस किलोमीटर सहज होतात. जेवायला ब्रिटनीचा ‘गालेत’ मिळतो. कुट्टूच्या पिठाचा, तव्यावर पातळ पसरलेला. आपल्या घावनाची थेट आठवण करून देणारा. शाकाहारी माणसाने चीज आणि मश्रूम घातलेला मागावा, म्हणजे पंचाईत होत नाही. अंडे चालत नसेल तर मात्र आधीच सांगावे. बऱ्याच ठिकाणी ते न विचारता वर फोडले जाते.

आणि पाऊस? ब्रिटनीत पाऊस कधीही येतो. मुंबईकराला त्याचे अप्रूप नाही. फक्त इथला पाऊस थंड असतो, एवढे ध्यानात ठेवून चांगला रेनकोट जवळ बाळगावा.

रूळ उखडले, वाट उरली

कालव्यांना रेल्वेने मारले आणि पुढे छोट्या रेल्वेमार्गांना मोटारींनी. विसाव्या शतकात फ्रान्समधले कितीतरी ग्रामीण लोहमार्ग बंद झाले. स्टेशन बंद झाले की गावाचा दवाखाना, शाळा, दुकान यांनाही उतरती कळा लागते. तरुण माणसे शहरात निघून जातात. मागे उरतात म्हातारी माणसे, ओस स्टेशन आणि झुडपांनी गिळलेला रुळांचा पट्टा.

या पट्ट्यांचे करायचे काय, याचे एक उत्तर १९९७ मध्ये बर्गंडीत सापडले. जिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा जुना रेल्वेमार्ग सायकलवाट म्हणून खुला झाला. फ्रान्समधली ही पहिली हिरवी वाट. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, अशा वाटांचा राष्ट्रीय आराखडा मंजूर झाला. द्राक्षमळ्यांमधून जाणारी ही वाट क्लुनीला पोहोचते. तिथला मठ इसवी सन ९१० मधला. रोमचे नवे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत इथले चर्च ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर लोकांनी त्याचा दगडांच्या खाणीसारखा वापर केला. आज उरला आहे तो एक भाग. पण त्याच्याकडे मान वर करून पाहताना मूळ इमारतीची कल्पना येते.

क्लुनीच्या दक्षिणेला बुआ क्लेर नावाचा सुमारे १.६ किलोमीटर लांबीचा रेल्वेचा बोगदाही सायकलींना खुला झाला आहे. बाहेर उन्हाचा तडाखा असला तरी आत स्वेटर हवासा वाटतो. हिवाळ्यात मात्र तो बंद असतो, कारण तिथे वटवाघळे थंडीभर निजतात. सायकलवाल्यांना तेवढे महिने डोंगरावरून वळसा घालावा लागतो आणि त्याबद्दल फारसे कुणी कुरकुरत नाही.

आगगाडीने दिलेला चढ

मुरमाच्या वाटेची खरी मजा घ्यायची तर दक्षिणेकडे आर्देश जिल्ह्यात जावे. रोन नदीच्या काठच्या ला व्हूल्त गावापासून एरियू नदीच्या दरीतून वर, ल शेलार आणि पुढे सँ-आग्रेव्हपर्यंत एके काळी मीटरगेज आगगाडी धावत होती. १९६८ मध्ये ती बंद झाली. त्या मार्गावर आज ‘दोल्चे व्हिया’ नावाची सुमारे ९० किलोमीटरची वाट आहे. तिची एक शाखा लामास्त्र गावाकडे जाते. बहुतेक भाग दाबलेल्या मुरमाचा. वाटेत दगडी पूल, लहान बोगदे, जुनी स्टेशने. खाली नदीत डुंबायला डोह. दरीत पीचच्या बागा आणि वर चेस्टनटची जुनी झाडे.

सँ-आग्रेव्ह हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. एवढे चढून जायचे म्हटले की कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण वाफेच्या इंजिनाला उभा चढ झेपत नसे, म्हणून त्या काळच्या इंजिनिअरांनी डोंगराला वळसे घालत घालत चढ तीन टक्क्यांच्या आसपास ठेवला. म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर तीन मीटर वर. इंजिनासाठी घेतलेली ती काळजी आज दहा वर्षांच्या मुलीच्या उपयोगी पडते. ती दमते, पण हरत नाही. ज्यांना तेवढेही नको असेल त्यांनी वरून सुरुवात करून नदीसोबत उतरत यावे.

सँ-आग्रेव्हच्या पलीकडे, त्याच छोट्या रेल्वेच्या पुढच्या मार्गावर ल शाँबाँ-स्यूर-लिन्याँ हे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून पळालेली ज्यू कुटुंबे, विशेषतः मुले, या पठारावर येत. त्यातली कितीतरी याच आगगाडीने आली. इथल्या शेतकऱ्यांनी त्यांना घराघरात लपवले. गावाला १९९० मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने गौरवले. सायकलवरून जाताना दिसणारे एखादे साधे स्टेशन कुणासाठी जीव वाचल्याचे ठिकाण होते, हे कळले की ती वाट नुसती सहलीची उरत नाही.

सुट्टी आणि सायकल

फ्रान्समध्ये कुटुंबाने सायकलवरून फिरण्याची आवड आजची नाही. आर्देशच्या उत्तरेला असलेल्या सँ-एतिएन शहरात पॉल द व्हिव्ही नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. जन्म १८५३ चा. लोक त्यांना ‘व्हेलोसिओ’ म्हणत. रेशमाचा व्यापार सोडून त्यांनी सायकलीचे दुकान काढले, मासिक चालवले आणि सायकलीला गिअर हवेत, म्हणजे सामान्य माणूसही डोंगर चढू शकेल, हे आयुष्यभर सांगितले. तूर द फ्रान्सच्या वीरांना गिअर बदलण्याचे यंत्र वापरायची मुभा १९३७ मध्ये मिळाली. व्हेलोसिओ ते पाहायला राहिले नाहीत. १९३० मध्ये शहरात ट्रामचा धक्का लागून त्यांचा मृत्यू झाला, तेही सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडताना. लाखो किलोमीटर सायकल चालवलेला माणूस डोंगरात नव्हे, शहरातल्या रहदारीत गेला.

१९३६ मध्ये फ्रान्समधल्या कामगारांना पहिल्यांदा कायद्याने दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी मिळाली. मोटार परवडणारी नव्हती. अनेक जोडपी दोघांच्या सायकलीवर, म्हणजे टँडेमवर, सामान बांधून निघाली. कित्येकांनी त्या उन्हाळ्यात आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आजही सायकलीला मागे छोटी गाडी जोडून, त्यात बाळाला बसवून जाणारी जोडपी या वाटांवर दिसतात, ती त्याच परंपरेतली.

सारे काही हिरवे नाही

या वाटांचे कौतुक करताना त्यांच्या अडचणी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिली अडचण अशी, की वाट सलग नसते. कुठे पूल पडलेला, कुठे जमीन विकली गेलेली. मग चार-दोन किलोमीटर मोटारींच्या रस्त्याने जावे लागते आणि मुलांच्या बाबतीत तेवढेच अंतर जिवाला घोर लावते. दुसरी अडचण शिकारीच्या हंगामाची. साधारण सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत जंगलाच्या वाटांवर शिकारी असतात. त्या दिवसांत भडक रंगाचे कपडे घालावेत आणि शिकार चालू असल्याचा फलक दिसला तर मुकाट्याने मागे फिरावे.

तिसरा वाद डांबर की मुरूम असा आहे. डांबरी वाटेवर बाबागाडी, चाकांची खुर्ची सहज जाते. मुरूम स्वस्त पडतो, पाणी जिरू देतो, डोळ्यांना बरा वाटतो. पण पावसाळ्यात चिखल होतो आणि दर काही वर्षांनी दुरुस्ती मागतो. जिव्री-क्लुनीची वाट गुळगुळीत, तर कालव्याची आणि दोल्चे व्हियाची मुख्यतः मुरमाची. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. अपंग मुलाला फिरायला नेणाऱ्या आईला खडीचे सौंदर्य सांगून काय उपयोग?

चौथी गोष्ट माणसांच्या वागण्याची. वाट सर्वांची आहे. वेगाने जाणारा सायकलवाला तिथे चालणाऱ्या आजीबाईंच्या दृष्टीने मोटारवालाच ठरतो. म्हणून लांबूनच घंटा वाजवावी, वेग कमी करावा आणि जाताना ‘बाँजूर’ म्हणावे. हा शब्द तिथे परवान्यासारखा चालतो. न म्हणणारा उर्मट समजला जातो.

आणि गावांचे काय? सायकलवाट आल्याने बंद पडलेली शाळा परत उघडत नाही. पण बेकरीचा धंदा टिकायला मदत होते, राखणदाराच्या घराचे छप्पर शाकारले जाते, उन्हाळ्यात चार तरुणांना काम मिळते. बंद स्टेशनात पुन्हा कुणीतरी घड्याळ पाहत बसते. मरणाऱ्या गावाला ही संजीवनी नव्हे, पण पेलाभर पाणी नक्कीच आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

मे-जून आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत बरे. आर्देशमध्ये जुलै-ऑगस्टचे ऊन कडक असते आणि शरद ऋतूत तिथे एकाएकी मुसळधार पाऊस होऊन नद्या फुगतात. भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो, त्यासाठी आधीपासून तयारी करावी.

सायकल भारतातून नेलीच पाहिजे असे नाही. मोठ्या गावांत भाड्याने मिळते, मुलांसाठी मागे जोडायची गाडीही. बारा वर्षांखालील मुलांना हेल्मेट २०१७ पासून कायद्याने सक्तीचे आहे. मोठ्यांनीही घालावे, त्यात कमीपणा नाही. स्थानिक रेल्वेगाड्यांत सायकल नेता येते, मात्र प्रदेशागणिक नियम वेगळे आहेत. उन्हाळ्यात आधी जागा राखून ठेवावी लागू शकते.

राहण्यासाठी ‘आक्यई व्हेलो’ अशी पाटी शोधावी. सायकलवाट पाच किलोमीटरच्या आत, सायकल ठेवायला सुरक्षित जागा आणि दुरुस्तीची साधने हाताशी, अशी खात्री त्या पाटीमागे असते. नगरपालिकांच्या तंबूच्या जागाही स्वच्छ आणि स्वस्त असतात.

दुपारी बारा ते दोनच्या सुमारास गावातली दुकाने बंद होतात. रविवारी दुपारनंतर आणि पुष्कळ ठिकाणी सोमवारीही तीच गत. तेव्हा पाव, फळे, चीज आदल्या दिवशीच घेऊन ठेवावे. दशम्या आणि चटणी सोबत असेल तर उत्तमच. पाणी संपले तर गावच्या दफनभूमीत नळ असतो. बिचकू नये, तिथले सायकलवाले तेच करतात. फक्त पाणी पिण्याजोगे नसल्याची पाटी नाही ना, एवढे पाहावे. हवेचा पंप, दोन ट्यूब आणि पंक्चर काढायचे साहित्य जवळ हवेच. मुरमावर टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की हादरे कमी बसतात.

तास मोजणारे आणि न मोजणारे

पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसची पुढची फेरी २०२७ मध्ये आहे. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत तिची तयारी आताच सुरू झाली असेल. पहाटे चारचा गजर, रविवारच्या लांब फेऱ्या, डब्यात वेगळे जेवण, आणि घरच्यांचे न बोलता केलेले कितीतरी त्याग. ९० तासांत फेरी पुरी करणाऱ्याच्या गळ्यात पदक पडते. गजर बंद करून पुन्हा डोळा न लागलेल्या बायकोला किंवा सुट्टीच्या दिवशी बाबांची वाट पाहणाऱ्या मुलाला काय मिळते?

कारेच्या त्या उजळलेल्या इमारतीतून निघणारा सायकलपटू पुन्हा मोटारींच्या रस्त्याला लागतो. त्याच्या जिद्दीला सलामच करायला हवा. पण फेरी संपल्यावर, पाय दुखायचे थांबल्यावर, तिकीट चार-सहा दिवस पुढचे काढलेले असेल, तर त्याच गावाजवळ परत येता येईल. या वेळी पाठीवर क्रमांक नको, हातात कार्ड नको. सोबत घरची माणसे हवीत. सर्वांत पुढे घरातले धाकटे मूल, कारण या वाटेवर त्याला ‘कडेने चालव’ असे दर मिनिटाला ओरडून सांगावे लागत नाही.

वेग त्या मुलाने ठरवावा. बगळा दिसला की त्याने थांबावे आणि मग सगळ्यांनी थांबावे.